गलगंडाची जुनी गाठ अचानक दुखू लागली आणि वाढली, तर काय समजायचं आणि काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंचं वय ५८. गळ्यात डाव्या बाजूला थायरॉइडची गाठ दहा-बारा वर्षांपासून आहे. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत ती ३ सेंमीची होती, आत थोडं पाणी होतं. सुईच्या तपासणीत साधी गाठ निघाली, टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल होता. आठ महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. काल संध्याकाळी भरलेली कळशी उचलताना गळ्यात एकदम कळ आली. तासाभरात गाठ मोठी आणि कडक झाली. कळ कानापर्यंत जाते, आवंढा गिळताना दुखतं. ताप नाही, दम नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि डायक्लोफेनॅक आणून ठेवलंय. ते द्यावं का, आणि हा कॅन्सर तर नाही ना?

आधी आजचं सांगतो. हे वर्णन गाठीच्या आत रक्तस्राव झाल्याचं आहे. डायक्लोफेनॅक देऊ नका. अँटिबायोटिक द्यावं असं यात काही दिसत नाही. स्टेंटच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. आजच त्यांना अशा ठिकाणी न्या जिथे ईसीजी आणि मानेची सोनोग्राफी दोन्ही होतील.

ईसीजी ऐकून आश्चर्य वाटेल. पण हृदयाचं दुखणं कधी कधी छातीत न येता गळ्यात, जबड्यात किंवा डाव्या खांद्यात येतं, बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये तर जास्तच. वजन उचलताना कळ आली आणि स्टेंट आहे, एवढं कारण ईसीजीसाठी पुरेसं आहे. गाठीला हात लावल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल आणि गाठ डोळ्यांना मोठी दिसत असेल, तर दुखणं गाठीचंच असण्याची शक्यता मोठी. पण घाम फुटला, मळमळलं, छाती जड झाली, चालल्यावर कळ वाढून बसल्यावर ओसरली, तर गाठ विसरा आणि थेट हृदयाच्या इस्पितळात जा.

आता श्वासाबद्दल. गलगंडाच्या दुखण्यात तातडी कळीच्या जोरावर ठरत नाही, श्वासावर ठरते. पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करायचा: श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज, आडवं झाल्यावर गुदमरणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, आवाज अचानक घोगरा किंवा अगदी बारीक होणं, पाणी पिताना ठसका लागणं, स्वतःची लाळही गिळता न येणं, चेहरा सुजून निळसर-लाल दिसणं, किंवा गाठ दर तासाला वाढत जाणं. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण १५ ते २० मिमी रुंद असते. ती ८ मिमीच्या आसपास आली की जिना चढताना आवाज येऊ लागतो, आणि ५ मिमीच्या आसपास आली की बसल्या जागीसुद्धा. म्हणजे नळी निम्म्याने दबेपर्यंत माणूस शांत बसलेला दिसू शकतो. म्हणूनच ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कोरोनानंतर घरोघरी ते यंत्र आलंय, आणि ९८ आकडा बघून लोक निर्धास्त होतात. वरची नळी दबत असताना ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत नॉर्मल राहतो आणि मग एकदम कोसळतो. कानाने ऐकलेला आवाज त्या आकड्यापेक्षा खरा.

असा आवाज सुरू झालाच तर त्यांना झोपवू नका. ताठ बसवून, किंचित पुढे झुकवून न्या. लहान दवाखान्यात थांबण्यापेक्षा जिथे भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसा किंवा जनरल सर्जन आणि व्हेंटिलेटर आहे असं इस्पितळ गाठा. कारण साधं आहे: गाठ श्वासनलिकेच्या समोरच बसलेली असते, त्यामुळे गळ्याला छेद देऊन नळी टाकणं इथे नेहमीपेक्षा अवघड असतं. बहुतेक वेळा तोंडावाटे नळी घालून श्वास सुरक्षित करावा लागतो, आणि गरज पडली तर मग ऑपरेशन. तसं क्वचितच होतं. पण ज्यांची गाठ छातीच्या हाडामागे उतरलेली आहे आणि ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्यात हा धोका गृहीत धरूनच चालावं लागतं. हाडामागे गाठ गेली आहे का याचा अंदाज इस्पितळात एका सोप्या चाचणीने घेतात: दोन्ही हात कानाला लावून मिनिटभर वर धरायचे. चेहरा लाल होऊन शिरा फुगल्या, तर गाठ आत खोल गेली आहे. दुखत असताना ही चाचणी घरी करत बसू नका.

रक्तस्राव होतो तरी का? थायरॉइडला वजनाच्या मानाने प्रचंड रक्तपुरवठा असतो. गाठ वर्षानुवर्षं वाढते तेव्हा तिच्यात नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, पण त्यांच्या भिंती पातळ आणि कच्च्या असतात. गाठीचा मधला भाग जिरून तिथे पाणी साठतं, आणि त्या पोकळीच्या कडेच्या वाहिनीला आधारच उरत नाही. खोकल्याची उबळ, शौचाला जोर लावणं, जड वस्तू उचलणं, यात मानेच्या शिरांमधला दाब वाढतो आणि एखादी फुटते. पुष्कळदा काही कारणही सापडत नाही. रात्री झोपताना गाठ नेहमीसारखी असते आणि सकाळी लिंबाएवढी. कळशीला फार दोष देऊ नका.

थोडंसं रक्त एवढं का दुखतं, याचा हिशेब करून बघा. ३ सेंमी व्यासाच्या गोल गाठीचं आकारमान सुमारे १४ मिली असतं, ४ सेंमीच्या गाठीचं ३३ मिली. म्हणजे जेमतेम चार चमचे रक्त आत साठलं की गाठ व्यासात एक सेंमीने वाढते आणि आकारमान दुपटीच्या वर जातं. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेल्या गाठीला सभोवतालच्या पडद्याला ताणायला वेळ मिळालेला असतो, इथे तो तासाभरात ताणला जातो. कळ त्या ताणाची आहे. कानात जाते कारण गळ्याच्या या भागाला आणि कानाच्या नळीच्या काही भागाला एकाच व्हेगस मज्जातंतूच्या फांद्या जातात. कानात थेंब टाकून उपयोग नाही.

आत साठलेलं रक्त गोठलं की त्याच्याच दाबाने फुटलेली वाहिनी बहुतेक वेळा बंद होते. म्हणून बऱ्याच जणांची कळ दोन-तीन दिवसांत उतरणीला लागते आणि आठवडाभरात जाते. गाठ आकसायला मात्र काही आठवडे ते काही महिने लागतात. कळ थांबली तरी गाठ तेवढीच आहे, म्हणून घाबरू नका.

पहिले ४८ तास घरी काय करायचं ते असं. डोकं आणि पाठ उंच ठेवून, दोन-तीन उशा लावून झोपवा. बर्फ रुमालात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. शेक, गरम लेप, बाम चोळणं, मालिश, मान मोडून घेणं, सगळं वर्ज्य. चोळल्याने गोठलेलं रक्त सुटतं आणि स्राव पुन्हा सुरू होतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिग्रॅ, दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तास, दिवसात एकूण ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी कमी. खायला मऊ आणि गार: भाताची पेज, ताक, दही-भात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर लावायची वेळ यायला नको. खोकला असेल तर त्याचं औषध आजच घ्या. रक्तदाब मोजा, वाढलेला असेल तर स्राव लांबतो. शिवणाची टेप घेऊन गाठीच्या सर्वांत फुगीर जागेवरून मानेचा घेर मोजून लिहून ठेवा, पहिल्या दिवशी दर दोन तासांनी, आणि समोरून एक फोटो काढा. ‘वाढलीय असं वाटतंय’ यापेक्षा ‘दुपारी ३६ होता, आता ३७.५ आहे’ हे वाक्य कोणत्याही डॉक्टरला लगेच उठवतं.

डायक्लोफेनॅक का नको? त्याने रक्तातल्या प्लेटलेट्सचं काम मंदावतं, आणि अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या जोडीला ते दिलं की गाठीतच नव्हे, पोटातही रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. शिवाय हृदयविकार असलेल्यांना ते एरवीही टाळायलाच सांगतात. आयब्युप्रोफेनचंही तेच, आणि ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवंही येतं. स्टेंटच्या गोळ्या थांबवायच्या का, यातली एक थांबवायची का, किती दिवस, हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. आठ महिन्यांच्या स्टेंटमध्ये गुठळी होणं हे गळ्यातल्या गाठीपेक्षा फार मोठं संकट आहे. त्यांना फोन करून ‘थायरॉइडच्या गाठीत रक्तस्रावाची शंका आहे’ असं नेमकं सांगा आणि स्टेंट बसवल्याची तारीख जवळ ठेवा.

हे सगळं निदान मी एका गोष्टीवर बेतलंय: कळ किती वेगाने आली. गलगंड असलेल्या माणसाची मान दुखू लागली की हाच प्रश्न आधी विचारावा. मिनिटांत किंवा तासाभरात आली आणि गाठ फुगली, तर रक्तस्राव. दोन-चार दिवसांत चढत गेली आणि सोबत ताप, तर दाह किंवा पू. कित्येक आठवडे वाढत गेली आणि गाठ दगडासारखी झाली, तर मात्र कॅन्सरचा विचार आधी.

मधल्या प्रकाराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तोच सर्वांत जास्त चुकतो. त्याला सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिस म्हणतात. सर्दी-पडसं, घसादुखी होऊन गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी थायरॉइड सुजते, तीस ते पन्नास वयातल्या बायकांमध्ये अधिक. स्पर्शही सहन होत नाही, ओढणी किंवा मंगळसूत्र टेकलं तरी दुखतं. दुखणं एका बाजूला सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्या बाजूला सरकतं. असं सरकणारं दुखणं दिसलं की निदान जवळपास हाती आलं. सोबत बारीक ताप, अंग मोडून येणं, छातीत धडधड, हात थरथरणं. लोक घशाचा संसर्ग समजून अँटिबायोटिकचे दोन-दोन कोर्स घेतात आणि काहीच फरक पडत नाही, कारण इथे जंतू नाहीत. रक्तात ईएसआर (दाह दाखवणारी तपासणी) ५० च्या वर, कधी १०० च्या घरात जातो. टीएसएच खाली गेलेला आणि टी४ (थायरॉइडचं हार्मोन) वाढलेला असतो. इथे दुसरी चूक होते: रिपोर्ट पाहून कार्बिमाझोल सुरू केलं जातं. या आजारात ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नसते, सुजेमुळे साठवलेलं सांडत असतं; बनवणं थांबवणारी गोळी त्यावर काय करणार? सौम्य दुखण्यात दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, तीव्र दुखण्यात डॉक्टरांच्या देखरेखीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. प्रेडनिसोलोनने एक-दोन दिवसांतच लख्ख आराम पडतो. तीन दिवसांतही पडला नाही तर निदान पुन्हा तपासायचं. ते एकदम बंद करायचं नाही. काही आठवड्यांत उतरवत न्यायचं, घाई केली तर दुखणं परततं. मधुमेह असेल तर साखर रोज बघायची. पुढे काही महिने थायरॉइड मंद राहते आणि बहुतेकांची पूर्ववत होते, थोड्यांना मात्र थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) कायम लागतं. सासूबाईंच्या बाबतीत सोनोग्राफीत रक्त दिसलं नाही आणि ईएसआर खूप वाढलेला आला, तर हाच आजार धरावा लागेल, आणि स्टेंटच्या गोळ्यांमुळे उपचाराची निवडही बदलेल.

पू होणं थायरॉइडमध्ये विरळ आहे. थंडी वाजून मोठा ताप, कातडी लाल आणि गरम, मान पुढे झुकवून धरल्यावरच बरं वाटणं, ही त्याची चिन्हं. लहान मुलाला वारंवार डाव्याच बाजूला असं झालं, तर घशातून थायरॉइडपर्यंत जन्मजात बारीक वाट राहिली आहे का ते शोधावं लागतं. ती बंद केल्याशिवाय पू परत परत होतो. इथे अँटिबायोटिक शिरेतून, इस्पितळात.

सगळं दुखणं थायरॉइडचंच असतं असंही नाही. थायरॉइडची गाठ आवंढ्याबरोबर वर-खाली हलते. आरशासमोर पाण्याचा घोट घेऊन बघा. मान वळवल्यावर मागच्या बाजूला दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर ते मणक्याचं. जबड्याखाली किंवा मानेच्या कडेला एकमेकांना चिकटलेल्या गाठी असतील, त्या आवंढ्याबरोबर हलत नसतील, तर त्या लसीकाग्रंथी. आपल्याकडे गंडमाळा आणि गलगंड या शब्दांची सर्रास अदलाबदल होते. गंडमाळा बहुधा क्षयाच्या असतात आणि त्यांचा उपचार पूर्ण वेगळा. डॉक्टरांना नुसतं नाव सांगू नका, जागेवर बोट ठेवून दाखवा.

तपासण्यांमध्ये सोनोग्राफी मुख्य. रक्तस्राव असेल तर पोकळीत धुरकट, हलणारे कण किंवा थर दिसतात, आणि डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) त्या भागात रक्तप्रवाह नसतो. गाठीच्या घट्ट भागात प्रवाह असतो. रेडिऑलॉजिस्टला तीन गोष्टी आवर्जून लिहायला सांगा: गाठीची तिन्ही मापं, श्वासनलिका सरकली किंवा दबली आहे का, आणि गाठीची खालची कड दिसते की छातीच्या हाडामागे जाते. जुना रिपोर्ट आणि फिल्म सोबत न्याच. सोबत हिमोग्राम, सीआरपी (हीसुद्धा दाहाची तपासणी), ईएसआर, टीएसएच आणि फ्री टी४. फुटलेल्या गाठीतूनही हार्मोन सांडू शकतो, म्हणून टीएसएच थोडा खाली आला तरी त्या एका रिपोर्टवर गोळ्या सुरू करायच्या नाहीत. सहा-आठ आठवड्यांनी तो पुन्हा करायचा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर किमान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा, नाहीतर रिपोर्ट खोटाच थायरॉइड वाढल्याचा येतो. सीटी स्कॅन लागला तर त्यासाठी शिरेतून देतात त्या रंगद्रव्याबद्दल विचारा. त्यात भरपूर आयोडीन असतं आणि जुन्या गलगंडात त्याने काही आठवड्यांनी हार्मोन उसळू शकतो. श्वास अडकत असेल तर मात्र ही चर्चा करत बसू नये; तेव्हा स्कॅन आधी.

सुई घालून रक्त काढून टाकलं तर? पहिल्या काही दिवसांत आत गोठलेला गोळा असतो, बारीक सुईतून तो येत नाही. दोन ते चार आठवड्यांनी तो विरघळून चॉकलेटी पाणी होतो, तेव्हा काढता येतो. ताण फार असेल तर आधीही प्रयत्न करतात, थोडं जरी निघालं तरी आराम पडतो. पण नुसतं काढलेलं पाणी बऱ्याचदा पुन्हा भरतं. वारंवार भरणाऱ्या, मुख्यतः पाण्याच्या गाठीत सोनोग्राफीखाली अल्कोहोल सोडून ती आतून आकसवता येते. ते काम रोजच्या रोज करणाऱ्या तज्ज्ञाकडेच करून घ्या. पुन्हा पुन्हा रक्तस्राव, श्वासनलिकेवर दाब, हाडामागे उतरलेली गाठ किंवा सुईच्या तपासणीत शंका, यांपैकी काही असेल तर त्या बाजूची थायरॉइड काढायचं ऑपरेशन योग्य ठरतं. श्वासाची तातडी नसेल तर स्टेंटला वर्ष होईपर्यंत थांबण्याकडे कल असतो, म्हणजे गोळ्या कमी करणं सुरक्षित होतं.

आता कॅन्सर. अचानक दुखून एका तासात फुगलेली गाठ ही कॅन्सरची चाल नव्हे. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. आधीचा सुईचा रिपोर्ट ‘बेथेस्डा २’ (म्हणजे साधी गाठ) असेल तर कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोन-तीन एवढीच. पण रक्ताने भरलेल्या गाठीत घट्ट भाग झाकला जातो, म्हणून सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी हवी, आणि घट्ट भाग शिल्लक दिसला तर त्यातूनच सुईची तपासणी. बारीक सुईच्या तपासणीसाठी स्टेंटच्या गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. नंतर १५-२० मिनिटं जागेवर दाब धरला की भागतं. पाण्यातला नमुना अनेकदा ‘अपुऱ्या पेशी’ म्हणून परत येतो. तो ‘नॉर्मल’ नव्हे, तपासणी झालीच नाही असं समजा. उलट्या बाजूने फसगतही होते: रक्त जिरून आकसलेली गाठ सोनोग्राफीत काळी, वेडीवाकडी, अगदी संशयास्पद दिसते. जुनी मापं आणि कालची घटना माहीत नसलेला डॉक्टर तिला कॅन्सरच्या यादीत टाकू शकतो. म्हणून आजच्या घटनेची तारीख फाइलवर लिहून ठेवा. साठीच्या पुढच्या माणसाची वर्षानुवर्षं गप्प असलेली गाठ दोन-चार आठवड्यांत झपाट्याने वाढली, दगडासारखी घट्ट झाली, आवाज बसला, अन्न अडकू लागलं, तर मात्र एक आठवडाही घालवू नये.

गलगंड म्हणजे आयोडीनची कमतरता, या समजुतीतून काही जण आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या देतात. आपल्याकडे गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून मिठातून आयोडीन देण्यावर भर आहे. ते मीठ नेहमीसारखं चालू ठेवा. त्याहून जास्त आयोडीन या गाठीत अपाय करेल. थायरॉक्सिन चालू असणाऱ्यांनी तेही आहे त्याच डोसमध्ये घ्यावं. गाठ दुखली म्हणून ना बंद करावं, ना दुप्पट.

आज निघताना पिशवीत घ्या: दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी आणि सुईचा रिपोर्ट, स्टेंटचं कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, मानेच्या घेराचा कागद. गाडीत त्यांना बसवूनच न्या, सीट मागे पाडू नका. रात्री घरी परत पाठवलं तर कोणीतरी त्यांच्याच खोलीत झोपा, आणि श्वासाचा आवाज बदलला तर सकाळची वाट बघू नका.